चौघांची भाषा

कोर्टाच्या पायऱ्यांशेजारी नवा उतार बांधला होता, चांगला कठड्यासकट, आणि सहाय्य कक्षातली बाई थोरल्याला त्या उतारावरूनच न्यायचं म्हणून अडून बसली. थोरल्याचे पाय ठणठणीत होते. साठाव्या वर्षीही तो घरच्या बाइंडिंगच्या कारखान्यात शिडीवर चढून वरच्या फळीवरचे पुठ्ठे काढायचा. त्याला फक्त ऐकू येत नव्हतं, जन्मापासून. पण बाईच्या कागदावर ‘सहाय्यपात्र व्यक्ती’ म्हणून त्याचं नाव होतं, तेव्हा थोरला मुकाट उतारावरून गेला. उताराची खरी गरज होती अक्काला. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. पण तिच्या नावाचा कागद नव्हता, म्हणून ती कठडा धरून एकेक पायरी चढली आणि वर पोचल्यावर भावाकडे बघून हसली.

तशी त्या बाईला नावं ठेवायला कुठे जागा नव्हती. तिने बसायला शांत खोली दिली, पाणी ठेवलं. थोरल्याची खुर्ची खिडकीकडे पाठ करून मांडली, म्हणजे समोरच्या माणसाच्या हातांवर उजेड पडेल. दुभाषीही वेळेच्या आधी हजर होता, हात उठून दिसावेत म्हणून साधा काळा शर्ट घातलेला. हे सगळं अक्कानेच मागितलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी अर्जात एक प्रश्न आला: ‘व्यक्ती कोणत्या भाषेत बोलते?’ त्याखाली चौकटी होत्या. अक्काने ‘सांकेतिक भाषा’ या चौकटीत ठसठशीत खूण केली. हातांनी बोलतो म्हणजे सांकेतिक भाषाच की! तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. आणि घरी येऊन तिने थोरल्याला सांगितलं, तिथे एक माणूस येणार आहे, तो आपल्यासारखं बोलतो. थोरल्याने तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली. आपल्यासारखं? बाहेरचा माणूस? त्या दिवसापासून त्याने कोर्टात घालायचा सदरा बाजूला काढून ठेवला होता.

प्रश्न एवढाच होता की थोरल्याने यापुढे कुठे राहायचं. कारखान्याची भिंत धोकादायक ठरली आणि गेल्या वर्षी तो बंद झाला. पाठोपाठ अक्का न्हाणीघरात छातीत कळ येऊन पडली. चार तास ती तिथे ओल्या फरशीवर पडून होती, आणि थोरला शेजारच्या खोलीत वह्यांचे फर्मे, दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवत बसला होता. तिच्या हाका त्याला कुठून ऐकू येणार? संध्याकाळी चहा आला नाही म्हणून तो उठला, तेव्हा ती सापडली. धाकट्याने त्याच महिन्यात अर्ज केला: मला दादाचा पालक नेमा, मी त्याची एका निवासात सोय करतो. निवास रेल्वेने सहा तासांवर. अक्काने उलटा अर्ज केला की तो माझ्याकडेच राहील. कायद्याने आधी थोरल्याला स्वतःला विचारायला हवं होतं, आणि अक्काची सगळी भिस्त त्यावर होती. तो काय सांगणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आत खोली लहान होती. न्यायाधीशबाई उंचावर नव्हे, टेबलाशीच बसल्या होत्या. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला धाकटा आणि त्याची बायको. मध्ये थोरला, इस्त्रीच्या सदऱ्यात. कोपऱ्यात टायपिस्ट.

“सुरुवात सोप्यापासून करू,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “यांना त्यांचं नाव विचारा.”

दुभाष्याचे हात हलले. सुरेख हलले, अक्काला वाटलं, किती सफाई! थोरल्यानेही ते हात डोळे भरून पाहिले. मग तो हसला आणि त्याने मान डोलावली.

अक्का खुर्चीच्या कडेला सरकली. ती मान तिच्या ओळखीची होती. आईने ती त्याला शिकवली होती, तो चार-पाच वर्षांचा असताना. परका माणूस तोंड हलवायला लागला की हसायचं आणि मान डोलवायची, म्हणजे लोक वेडा म्हणत नाहीत. छप्पन वर्षं तो गिऱ्हाइकांसमोर, डॉक्टरांसमोर, मतदानाच्या रांगेत हेच करत आला होता.

“निवासात राहायला आवडेल का, विचारा.”

हात. हसू. मान.

धाकट्याने चमकून वर पाहिलं.

“बहिणीकडे राहायला आवडेल का?”

हात. हसू. मान.

न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. “ते आज इथे विमानाने आले का, विचारा.”

थोरल्याने पुन्हा मान डोलावली. या खेपेला जरा जास्तच हसून, कारण समोरच्याचं समाधान होत नाहीये एवढं त्याला कळलं होतं. कोणीच हसलं नाही. टायपिस्टने टाइप केलं.

“मला नाइलाजाने लिहावं लागेल की संबंधित व्यक्तीला प्रश्न समजत नाहीत,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

“समजतात हो!” अक्का ओरडलीच. “सगळं समजतं त्याला! तुमच्याआमच्यापेक्षा जास्त समजतं!”

“मॅडम, एक बोलू?” दुभाष्याने हात खाली घेतले. “अर्जातली चूक आधी माझ्या लक्षात यायला हवी होती, पण कागदावर ती दिसत नाही. यांना माझी भाषा येत नाही. यांना ती कोणी शिकवलेलीच नाही. पण मघाशी बाकावर हे बहिणीशी बोलत होते, ते मी पाहिलं. ती पुरती भाषा आहे. गप्पा चालल्या होत्या त्यांच्या. फक्त ती मला येत नाही.”

“मग कोणाला येते?”

“घरात सगळ्यांना,” अक्का म्हणाली.

“म्हणजे किती जणांना?”

अक्का बोटांवर मोजायला लागली. आई गेली. बाबा गेले. कारखान्यातला जुना कारागीर होता, त्याला बरीच यायची, तोही गेला. “चौघांना,” ती म्हणाली. “त्यात हा एक.”

“आणि उरलेले तिघं?”

“इथेच बसलोय.”

सगळ्या जगात ती भाषा बोलणारी चार माणसं, आणि चौघंही त्या एका टेबलाभोवती. घरात या गोष्टीचा केवढा तोरा होता! आल्यागेल्याला बाबा कौतुकाने सांगायचे, आमच्या पोरांनी स्वतःची भाषा काढलीय. आणि खरंच काढली होती. उद्या म्हणजे पान उलटायचं. संपलं म्हणजे दातांनी दोरा तोडायचा. खोटं म्हणजे न चिकटलेली खळ, दोन बोटं लगेच सुटी करायची. अक्का म्हणजे कानापासून खांद्यापर्यंत वेणी, आता वेणीचं पार शेपूट झालं तरी तीच. धाकटा म्हणजे कुरतडलेलं नख. धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, लग्न होऊन आली तेव्हा तिची खूण ठरवायला रविवारची अख्खी सकाळ गेली होती, आणि शेवटी ती चष्मा झाली.

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. “ज्याचा दाव्याशी संबंध आहे त्याला मी दुभाषी म्हणून बसवू शकत नाही. तुम्ही दोघं अर्जदार, त्या अर्जदाराच्या पत्नी. तुमच्यापैकी एकाने आपला अर्ज मागे घेतला, तर त्याला शपथ देऊन मी बसवीन. मागे घेतलेला अर्ज आज पुन्हा दाखल करता येणार नाही. अर्धा तास देते, आपसात ठरवा.”

सहाय्य कक्षातल्या बाईने तिघांना शांत खोलीत बसवलं आणि थोरल्याला दाराबाहेर बाकावर, काचेतून दिसेल असा. खोलीत मऊ खुर्च्या होत्या आणि भिंतीवर डोंगराचं चित्र.

“तू मागे घे,” अक्का धाकट्याला म्हणाली. “तुला तरी कुठे मनापासून करायचंय हे?”

“मी मागे घेतला की तुझा एकटीचा उरतो. मग विचारायचं कशाला? आणि अक्का, पुढच्या वेळी तू चार तासांनी नाही सापडलीस तर? तू गेलीस तर तो तुझ्या उशाशी बसून राहील. कोणाला सांगेल? कोणत्या भाषेत?”

“आणि तिथे निवासात कोणत्या भाषेत सांगेल?”

धाकटा नख कुरतडायला लागला. अठ्ठावन्नाव्या वर्षीही सवय तीच. “तिथे निदान दिवसातून तीनदा कोणीतरी बघायला येतं,” तो म्हणाला. “मला काय हौस आहे का? मला रात्री झोप नाही.”

“यांचं एक खरं आहे, यांनी अर्ज मागे घेतला तर विचारायलाच काही उरत नाही,” धाकटी म्हणाली आणि नवऱ्याकडे नाही, अक्काकडे वळली. गेले चार महिने ती अक्काशी एक शब्द बोलली नव्हती. “अक्का, अर्ज तुम्हीच मागे घ्या. भाऊजी तुमच्याशी जेवढं बोलतात तेवढं आमच्याशी कुठे बोलतात? यांना तर निम्म्या खुणा आठवत नाहीत. भाऊजी ‘अक्का’ म्हणाले आणि ते तुमच्या तोंडून लिहिलं गेलं, तर मी बघते हे कसे ऐकत नाहीत ते. मी यांना अर्ज मागे घ्यायला लावीन.”

“अगं, तू कोणाच्या बाजूची?” धाकटा म्हणाला.

“भाऊजींच्या. कोणीतरी असायला नको?” मग ती जरा चाचरली. “पण अक्का, इतकी वर्षं विचारायचं राहिलं. ती दुभाष्याची भाषा शिकवणारी शाळा तेव्हा नव्हती का हो कुठे?”

“तेव्हा कसलं काय,” अक्का म्हणाली आणि काचेकडे तोंड फिरवलं.

होती. चांगली होती. थोरला आठ वर्षांचा आणि अक्का दहाची असताना त्या शाळेचे एक मास्तर कारखान्यात आले होते. त्यांनी बाबांना सांगितलं, आमच्याकडे अशीच साठ मुलं आहेत, दिवसभर हातांनी बोलत असतात, नुसता धुमाकूळ असतो. बाबांना ते पटत आलं होतं. मास्तर म्हणाले, मुलालाच विचारा. बाबांनी अक्काला सांगितलं, तू विचार, तुझ्या हाताला वळण आहे. आणि अक्काने विचारलं. आम्हाला सगळ्यांना सोडून या माणसाबरोबर जातोस का, एवढंच विचारलं. साठ मुलांचं सांगितलं नाही. हातांचं सांगितलं नाही. थोरला आईच्या पदराआड जाऊन लपला. मास्तर निघून गेले, आणि अक्काला तेव्हा इतका आनंद झाला होता की ती रात्रभर त्याचा हात धरून झोपली. त्यानंतर त्रेपन्न वर्षं तिने तो प्रसंग मनाच्या पार तळाशी दाबून ठेवला होता.

काचेपलीकडे थोरला बाकावर नव्हता.

अक्का धडपडत बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला एक नवराबायको उभी होती, साठीच्या आसपासची, दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी आलेली. दोघंही बहिरी. बायको नवऱ्याला फाडून खात होती. कागद घरी विसरला होता बहुतेक. तिचे हात असे सपासप चालले होते की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. नवरा मध्येच एक हात वर करून टोमणा मारल्यासारखं काहीतरी बोलला आणि रागावलेल्या बायकोला खुदकन हसू आलं. तेवढ्यात काळ्या शर्टातला दुभाषी आला, तोही त्यांच्यात मिसळला आणि तिघं हसायला लागली.

थोरला त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तोंड उघडं. त्याचे डोळे एका हातावरून दुसऱ्या हातावर धावत होते, आणि त्याचे स्वतःचे हात, सुईने घट्टे पडलेले, कमरेशी थोडे थोडे हलत होते. त्या बाईचं त्याच्याकडे लक्ष गेलं. तिने त्याला काहीतरी विचारलं. थोरल्याने मान डोलावली नाही. पहिल्यांदाच अक्काने पाहिलं की परक्या माणसासमोर त्याने मान डोलावली नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि त्यांचं काय करायचं ते न कळून तसेच धरून ठेवले.

अक्का मागे फिरली. “मी अर्ज मागे घेते,” ती म्हणाली.

शपथ साधीच होती. हातांनी जे सांगितलं जाईल ते सगळं, कमी न करता, जास्त न करता, मोठ्याने सांगायचं. अक्काने ते म्हटलं आणि थोरल्यासमोर बसली. सहाय्य कक्षातल्या बाईने दिव्याचा झोत तिच्या हातांवर वळवला.

“त्यांना विचारा, पुढे कुठे राहायचंय. तुमच्याकडे, की भावाने ठरवलेल्या निवासात.”

अक्काने विचारलं. थोरल्याने तिच्या हातांकडे पाहिलं, पण उत्तर दिलं नाही. त्याने दाराकडे बोट केलं आणि भराभर बोलायला लागला.

“काय म्हणतात?”

“तो म्हणतो…” अक्काने दाराकडे पाहिलं. “तो विचारतो, बाहेरची ती माणसं कोण होती. ती एका घरातली आहेत का. मग हा काळ्या शर्टाचा माणूस त्यांच्यात कसा.”

“सांगा त्यांना.”

तिने सांगितलं. मग पुन्हा त्याचे हात उठले.

“विचारतो, अशी किती माणसं आहेत.” अक्काने दुभाष्याकडे पाहिलं.

“या शहरात तीनेक हजार,” दुभाषी हळूच म्हणाला.

त्यांच्या भाषेत हजार नव्हता. एवढा मोठा आकडा कधी लागलाच नव्हता. अक्काने कारखान्याची खूण केली, आणि मग फळ्यांवरची सगळी पुस्तकं, एकेक पुस्तक म्हणजे एकेक माणूस. थोरल्याने हवेत त्या फळ्या डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिल्या. त्याचा चेहरा कागदासारखा झाला.

“विचारतो, कधीपासून आहेत.” तिचा आवाज आता जेमतेम टेबलापर्यंत पोचत होता. “विचारतो, आम्ही लहान होतो तेव्हाही होती का.” टायपिस्टची बोटं चालत होती. “विचारतो… अक्का, तुला माहीत होतं का.”

धाकटीने तोंडावर हात ठेवला.

“मी काय करू?” अक्काने न्यायाधीशबाईंना विचारलं.

“प्रश्न तुम्हाला आहे,” त्या म्हणाल्या. “उत्तर त्यांना द्या. मग आम्हाला सांगा.”

अक्काने उत्तर दिलं. फार मोठं नव्हतं. शाळा, मुलं, हात, मी तुला सांगितलं नाही. मग ती टेबलाकडे बघत म्हणाली, “मी हो म्हणाले.”

थोरला रडला नाही, रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, अक्काला वाटलं, तो राग तिने जन्मभर पुरवून वापरला असता. तो बराच वेळ बोलला, सावकाश, जुन्या खुणा जोडून जोडून.

“म्हणतो, भावाच्या निवासात नको. तिथे कोणी बोलणारं नाही.”

“आणि?”

“म्हणतो, अक्काकडेही नको. तिथे बोलायला एकच माणूस आहे.” शपथ घेतली होती, म्हणून तिने उरलेलंही सांगितलं. “म्हणतो, त्या बाहेरच्या बाईकडे पाठवा. ती ज्या घरात राहते तिथे. मी फर्मे शिवून देईन.”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. त्यांनी दुभाष्याला विचारलं, अशा लोकांसाठी राहायची काही सोय आहे का. दुभाषी म्हणाला, शाळेचं वसतिगृह होतं, बारा वर्षांपूर्वी बंद झालं. आता शनिवारी संध्याकाळी दोन तास एका सभागृहात सगळे जमतात, तेवढंच.

“मॅडम, माझा अर्ज…” अक्का म्हणाली.

“तो तुम्ही मागे घेतलात. आणि ते तुमच्याकडे नको म्हणतात, हे तुम्हीच सांगितलंत.” त्या कठोरपणे बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “माझ्यासमोर आता एकच अर्ज आहे. त्यांना एकटं ठेवता येत नाही. मी एक वर्षासाठी भावाचा अर्ज मंजूर करते. शनिवारच्या मेळाव्याला त्यांना शक्य असल्यास न्यावं, असं लिहिते.”

“सहा तास रेल्वेने,” धाकटी म्हणाली. “शनिवारी जायला सहा, यायला सहा.”

“शक्य असल्यास, असं मी लिहिलंय.”

धाकट्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तो मान खाली घालून बसला होता. “दादा,” तो म्हणाला, तोंडाने, ऐकू येणाऱ्या माणसाला म्हणावं तसं. मग काय करावं ते न सुचून त्याने हाताचा कुरतडलेला अंगठा मुठीत लपवला.

“आदेश त्यांना समजावून सांगा,” न्यायाधीशबाई अक्काला म्हणाल्या. “तुम्ही अजून शपथेवर आहात.”

थोरला वाट बघत होता. अक्काने सांगायला हात उचलले आणि तिच्या लक्षात आलं की त्या जागेला त्यांच्यात खूणच नाही. घर होतं, ते पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांसारखे तळवे मिटून व्हायचं. दवाखाना होता. दुकान होतं. पण जिथे माणसाला नेऊन ठेवतात आणि जिथे कोणी त्याच्याशी बोलत नाही, अशा जागेला नाव द्यायची वेळ त्या घरावर कधी आली नव्हती. नवी खूण काढायला हवी होती. धाकटीच्या चष्म्यानंतर तीस वर्षांत त्यांनी एकही काढली नव्हती, आणि हिच्यासाठी रविवारची सकाळ नव्हती. टायपिस्ट थांबली होती.

अक्काने तळवे मिटून घर केलं. मग ते हात उचलून आपल्या मांडीवर ठेवले, एकावर एक, आणि हलवले नाहीत.

थोरल्याने नीट पाहिलं. नवी खूण आली की तो नेहमी करायचा तसंच त्याने केलं. आधी घर केलं, मग हात मांडीवर ठेवले, आणि बरोबर जमलं का म्हणून अक्काच्या तोंडाकडे बघितलं.

तिने हो म्हटलं. त्याने ती पुन्हा एकदा करून पाहिली.